बर्फाचा अंदाज आणि आपला सप्टेंबर

चिकलठाण्याचं नाव बाहेरगावच्या माणसाला दोन कारणांनी ठाऊक असतं. एक म्हणजे विमानतळ आणि दुसरं म्हणजे वर्तमानपत्रातली ती ठरलेली ओळ : ‘चिकलठाणा वेधशाळेत इतक्या अंशांची नोंद झाली.’ एप्रिल-मे महिन्यांत हा आकडा चाळिशी ओलांडतो. अशा गावात राहणाऱ्या माझ्यासारख्या भूगोलाच्या माजी शिक्षकानं समुद्रावर गोठणाऱ्या बर्फाविषयी बोलावं, हे थोडं विचित्र वाटेल. आपल्याकडे बर्फ भेटतो तो रसवंतीत, नाहीतर ऐन रब्बीच्या काढणीत गारा होऊन.

तरीही आज त्याच बर्फाविषयी बोलायचं आहे. ध्रुवावरचा बर्फ पुढच्या दोन-चार महिन्यांत कुठे असेल आणि कुठे नसेल, याचा अंदाज आता संगणक बांधू लागले आहेत. उपग्रहांची निरीक्षणं पाहून ते स्वतःच शिकतात. त्यांचे अंदाज किती खरे मानायचे, हा प्रश्न जहाजाच्या कप्तानाला पडतो. आणि पावसाच्या बाबतीत तोच प्रश्न दर वर्षी आपल्यालाही पडतो.

आधी हा बर्फ कोणता, ते पाहू. आपल्या मनात ध्रुवावरचा बर्फ म्हणजे हिमनग. पण हिमनग जमिनीवरच्या हिमनदीतून तुटून समुद्रात आलेला असतो. समुद्री बर्फ वेगळा. तो समुद्राच्याच पाण्याचा बनतो. पाणी खारट असल्यामुळे शून्य अंशाला गोठत नाही, उणे १.८ अंशांच्या आसपास गोठतं. आधी पातळ साय धरते, मग तिची लादी होते, लाद्या एकमेकींना धडकतात, एकमेकींवर चढतात. जाडी बहुतेक ठिकाणी एक-दोन मीटर, काही ठिकाणी त्याहून जास्त. हा बर्फ पाण्यावर तरंगतच असतो, त्यामुळे तो वितळला तरी समुद्राची पातळी जवळपास वाढत नाही. पण तो पांढरा असल्यामुळे ऊन परतवतो. तो गेला की खालचं काळं पाणी तेच ऊन पिऊन घेतं आणि तापतं.

याचा विस्तार ऋतूप्रमाणे किती बदलतो, ते ऐकलं की थक्क व्हायला होतं. दक्षिण ध्रुवाभोवती, म्हणजे अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगत, फेब्रुवारीअखेरीस साधारण ३० लाख चौरस किलोमीटर बर्फ उरतो. आपला देश ३३ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे जवळपास एका भारताएवढा. सप्टेंबरात, तिकडचा हिवाळा संपताना, हाच बर्फ १ कोटी ८० लाखांच्या घरात जातो. म्हणजे पाच भारतांहून मोठा. उत्तर ध्रुवाचं चक्र उलटं आहे. तिथे सप्टेंबर म्हणजे उन्हाळ्याचा शेवट, बर्फ सर्वांत कमी. २०१२ च्या सप्टेंबरात तो ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत खाली आला होता. उपग्रहांनी आजवर पाहिलेला तो नीचांक आहे.

आता या बर्फाशी आपला संबंध काय? पहिला संबंध गोव्यातून जोडला गेला. ६ डिसेंबर १९८१ रोजी भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम गोव्याच्या किनाऱ्यावरून निघाली. डॉ. सय्यद झहूर कासिम हे नेते, एकूण २१ जण आणि जहाज नॉर्वेचं, भाड्यानं घेतलेलं, ‘पोलर सर्कल’. ९ जानेवारी १९८२ रोजी ही माणसं अंटार्क्टिकावर उतरली. त्यानंतर तिथे भारताची केंद्रं उभी राहिली. १९८९ पासून ‘मैत्री’ आहे, २०१२ पासून ‘भारती’ आहे. या मोहिमांचा कारभार वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. १९९८ मध्ये ही संस्था सुरू झाली. केंद्रांवर वर्षभर राहणाऱ्या माणसांचं इंधन, धान्य, यंत्रांचे सुटे भाग जहाजानंच न्यावे लागतात आणि त्यासाठी तिकडच्या उन्हाळ्याचे मोजके महिनेच मिळतात. जहाज आजही भाड्याचंच असतं. प्रत्येक दिवसाचं भाडं चालू असतं. बर्फ फुटायची वाट पाहायची, की वळसा घालून दुसऱ्या बाजूनं शिरायचं, हे कप्तानाला ठरवावं लागतं.

हा निर्णय चुकला तर काय होतं, ते २०१३ च्या नाताळात जगानं पाहिलं. ‘अकादमिक शोकाल्स्की’ हे रशियन जहाज पूर्व अंटार्क्टिकाजवळ बर्फात अडकलं. तो बर्फ तिथे नव्यानं गोठलेला नव्हता, वाऱ्यानं लोटत आणून जहाजाभोवती रचला होता. सुटकेला चीनचं ‘श्वे लाँग’ हे बर्फफोडं जहाज आलं. त्याच्या हेलिकॉप्टरनं २ जानेवारी २०१४ रोजी ५२ प्रवाशांना बर्फावरून उचलून ऑस्ट्रेलियाच्या जहाजावर पोचवलं. मग ‘श्वे लाँग’ स्वतःच अडकलं! पाच-सहा दिवसांनी वारा फिरला, बर्फाला भेगा पडल्या आणि दोन्ही जहाजं आपापल्या बळावर बाहेर आली. नुसतं तापमान पाहून बर्फाचा अंदाज का बांधता येत नाही, ते या प्रसंगावरून कळतं. वारा, लाटा, प्रवाह, सगळंच हिशेबात घ्यावं लागतं.

अंदाज बांधायचा तर आधी आज बर्फ कुठे आहे, ते दिसलं पाहिजे. ध्रुवावर सहा-सहा महिने अंधार, उरलेल्या वेळी ढग. साधा कॅमेरा तिथे काय पाहणार? इथे सूक्ष्मलहरी मदतीला येतात. जगातली प्रत्येक वस्तू थोड्याफार सूक्ष्मलहरी बाहेर टाकत असते. त्यांना उजेड लागत नाही आणि त्या ढगांतून आरपार येतात. गंमत अशी, की समुद्राचं पाणी या लहरी कमी टाकतं आणि बर्फ जास्त टाकतो. त्यामुळे उपग्रहाच्या या डोळ्याला गार बर्फ पाण्यापेक्षा ‘ऊन’ दिसतो. ऑक्टोबर १९७८ मध्ये सोडलेल्या अमेरिकेच्या निम्बस-७ या उपग्रहापासून ही नोंद जवळपास अखंड चालू आहे. आपल्या ‘इस्रो’नंही १९९९ च्या ओशनसॅट-१ वर असाच सूक्ष्मलहरी मोजणारा उपकरणसंच बसवला होता आणि त्याच्या नोंदींवरून आपल्या शास्त्रज्ञांनी ध्रुवीय बर्फाचा अभ्यास केला.

या डोळ्याला दोन खोडी आहेत. एक म्हणजे तो फार ढोबळ पाहतो. त्याची नोंद साधारण २५ किलोमीटर लांब-रुंद चौकोनांत मांडली जाते. अशा एका चौकोनात चिकलठाण्यापासून देवगिरीच्या किल्ल्यापर्यंतचं सगळं शहर मावेल. त्यातल्या कुठल्या गल्लीत बर्फ आहे, ते तो सांगू शकत नाही, चौकोनाचा किती हिस्सा बर्फानं झाकला आहे एवढंच सांगतो. दुसरी खोड उन्हाळ्यातली. बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात आणि त्याला खालच्या बर्फाऐवजी पाणी दिसतं.

म्हणून दुसरे डोळेही लागतात. रडारचा उपग्रह स्वतःच लहरी सोडतो आणि परतणारा प्रतिध्वनी टिपतो. त्याला बर्फातली भेगसुद्धा दिसते. आपले रिसॅट-१ (२०१२) आणि ईओएस-०४ (२०२२) या जातीचे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला ‘निसार’ हा भारत-अमेरिकेचा संयुक्त उपग्रहही याच जातीचा. भारत आणि फ्रान्स यांनी मिळून २०१३ मध्ये सोडलेल्या ‘सरल’ या उपग्रहावरचं उपकरण पृष्ठभागाची उंची मोजतं. बर्फ पाण्याबाहेर किती डोकावतो हे कळलं, की त्याच्या जाडीचा हिशेब मांडता येतो. या सगळ्यांच्या आधारे अहमदाबादचं अंतराळ उपयोग केंद्र आपल्या मोहिमेच्या जहाजाला बर्फाविषयी सल्ला देत आलं आहे.

आता मुख्य मुद्दा. आज दिसलेल्या बर्फावरून दोन महिन्यांनंतरचा बर्फ कसा सांगायचा? जुनी रीत भौतिकशास्त्राची. हवा, पाणी आणि बर्फ यांचे नियम गणितात मांडायचे, आजची स्थिती भरायची आणि महासंगणकाला घटका-घटकानं पुढचं चित्र काढायला लावायचं. ही रीत भक्कम आहे, पण खर्चिक आणि संथ. शिवाय आज भरलेल्या स्थितीत थोडी चूक असली, तर दिवसागणिक ती वाढत जाते.

नवी रीत मशीन लर्निंगची, म्हणजे यंत्रानं शिकण्याची. तिथे यंत्राला नियम सांगत नाहीत, उदाहरणं दाखवतात. शाळेतल्या मुलाला जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला द्याव्यात तसं. गेल्या काही महिन्यांचे बर्फाचे नकाशे, हवेचं आणि समुद्राचं तापमान, वाऱ्याची दिशा हे सगळं समोर ठेवायचं आणि विचारायचं, पुढच्या महिन्यात या चौकोनात काय असेल? यंत्र उत्तर देतं. खरं उत्तर इतिहासात नोंदलेलं असतंच. दोन्हींतला फरक मोजायचा आणि तो कमी होईल अशा बेतानं यंत्रातले हजारो-लाखो आकडे किंचित हलवायचे. असं पुन्हापुन्हा करत राहिलं, की यंत्राच्या हाती एक प्रकारचा अनुभव जमा होतो.

ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे आणि लंडनची ॲलन ट्युरिंग इन्स्टिट्यूट यांच्या पुढाकारानं तयार झालेली ‘आइसनेट’ ही अशीच प्रणाली. २०२१ मध्ये तिच्याविषयी शोधनिबंध आला. ती आर्क्टिकमधल्या बर्फाचा सहा महिने पुढपर्यंतचा अंदाज देते. २५ किलोमीटरच्या प्रत्येक चौकोनासाठी ती तीन शक्यता तोलते : मोकळं पाणी, विरळ बर्फ की गच्च बर्फ. तिला शिकवताना एक अडचण होती. उपग्रहांची नोंद ४०-४५ वर्षांची, म्हणजे शिकायला सप्टेंबर महिने मोजून ४०-४५. पहिलीच्या मुलाचं पाढ्यांचं पुस्तक याहून जाड असतं! म्हणून तिला आधी हवामानाच्या संगणकी प्रतिरूपांतल्या, १८५० ते २१०० या काळातल्या, काल्पनिक ऋतूंवर घोटवून घेतलं आणि मग १९७९ पासूनच्या खऱ्या नोंदी शिकवल्या. तयार झाल्यावर ती साध्या लॅपटॉपवरही झटपट उत्तर देते. दोन महिने व त्यापुढच्या अंदाजांत तिनं युरोपच्या नावाजलेल्या भौतिकशास्त्रीय प्रणालीवर मात केली.

हिच्याविषयी एक आकडा सगळीकडे छापून आला. दोन महिने आधी, बर्फ असेल की नसेल हे ती जवळपास ९५ टक्के अचूक सांगते. ऐकायला फार मोठं वाटतं ना? इथे जरा थांबू या.

समजा, मी चिकलठाण्यात बसून जानेवारीच्या प्रत्येक दिवशी जाहीर करतो : ‘उद्या पाऊस नाही.’ ३१ पैकी २९-३० वेळा मी बरोबर ठरेन. माझी अचूकताही ९५ टक्क्यांच्या आसपास. पण त्यात माझी हुशारी कुठली? ध्रुवाच्या ऐन मध्यावर बर्फ असणारच आणि फार दक्षिणेला पाणी असणारच. खरी परीक्षा आहे ती काठावर, जिथे बर्फ संपतो आणि पाणी सुरू होतं. जहाज नेमकं तिथूनच जात असतं. म्हणून शास्त्रज्ञ नुसते टक्के पाहत नाहीत. ते अंदाजाची दोन अगदी साध्या अंदाजांशी तुलना करतात. ‘आज आहे तसंच उद्या’ हा एक आणि ‘दर वर्षी या तारखेला असतं तसं’ हा दुसरा. या दोघांना हरवता आलं तरच त्याला कौशल्य म्हणायचं. आइसनेटची तुलनाही अशा साध्या पद्धतींशी झाली आणि मुख्य सुधारणा उन्हाळ्यातल्या अवघड महिन्यांत दिसली, म्हणून तिचं महत्त्व.

दुसरी कसोटी प्रामाणिकपणाची. आइसनेट प्रत्येक चौकोनाची शक्यता सांगते : इथे बर्फ असण्याचा संभव ७० टक्के. हे बोलणं प्रामाणिक आहे की नाही, कसं ओळखायचं? जिथे-जिथे ७० टक्के म्हटलं, ते सगळे चौकोन गोळा करायचे. १०० पैकी सुमारे ७० चौकोनांत खरंच बर्फ निघाला, तर बोलणं खरं. १०० च्या १०० चौकोनांत निघाला, तरी ती चूकच, कारण मग तिला स्वतःच्या ज्ञानाचा अंदाज नाही.

तिसरी अडचण जास्त खोल आहे. यंत्र शिकतं ते झालेल्या गोष्टींवरून. उद्या असं काही झालं, जे आधी कधी झालंच नव्हतं, तर? अंटार्क्टिकात नेमकं हेच घडलं. २०१४ च्या सप्टेंबरात तिथल्या बर्फानं प्रथमच २ कोटी चौरस किलोमीटरची रेषा ओलांडली होती. तोवरचा इतिहास वाचून कुणीही म्हटलं असतं, की हा बर्फ हळूहळू वाढतो आहे. आणि २०२३ च्या सप्टेंबरात तो १ कोटी ७० लाखांच्याही आत थांबला, आधीच्या नीचांकापेक्षा तब्बल १० लाख चौरस किलोमीटर कमी. १९७९ पासूनच्या साऱ्या नोंदींत असं वर्ष नव्हतं. म्हणून आज जाणकार दोन्ही रीती हातात धरून चालतात. भौतिकशास्त्राचे नियम न पाहिलेल्या वर्षालाही लागू पडतात, आणि यंत्राचा अनुभव नियमांतल्या ढोबळ जागा भरून काढतो.

हे सगळं मी गावातल्या एका शेतकऱ्याला सांगत होतो. तो माझा जुना विद्यार्थी. ऐकून घेतल्यावर म्हणाला, “सर, ते ध्रुवाचं राहू द्या. सोयाबीन वाळायला आलंय. काढू का थांबू, तेवढं सांगा.”

त्याच्या प्रश्नाचा ध्रुवाशी काही धागा आहे का? असू शकतो. गोव्याच्या त्याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. रशियाच्या उत्तरेला कारा समुद्र आहे. तिथला उन्हाळी बर्फ कमी झाला, की वरच्या हवेत जास्त दाबाचे पट्टे तयार होतात, त्यांची एक नागमोडी लहर युरोप-आशियावरून खाली उतरते आणि वायव्य भारतावरची हवा तिच्या प्रभावात येते. जोडीला अरबी समुद्र तापलेला असेल, तर भरपूर बाष्प मिळतं आणि सप्टेंबरात मध्य भारतात अतिवृष्टीला अनुकूल स्थिती होते. शास्त्रज्ञांनी स्वतः याला ‘शक्य संबंध’ एवढंच म्हटलं आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात नद्यांनी पात्रं सोडली, उभी पिकं वाहून गेली, शेतातली माती खरवडून निघाली. ते सगळं कारा समुद्राच्या माथी मारणं चूक होईल. एका वर्षाच्या पुराला एकच कारण नसतं. पण तिकडच्या बर्फाचा अंदाज चांगला झाला, तर आपल्या परतीच्या पावसाच्या अंदाजात एक धागा वाढेल, ही आशा रास्त आहे.

अशी शिकणारी यंत्रं आपल्या पावसापर्यंतही आली आहेत. २०२५ च्या खरिपाआधी केंद्रीय कृषी मंत्रालयानं १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाइलवर मान्सूनच्या आगमनाचा अंदाज पाठवला. तो अशाच प्रणालींच्या आधारे काढला होता. त्या वर्षी मान्सून २४ मे रोजीच केरळात आला, २६ मे रोजी मुंबईत पोचला आणि मग वाटेत रेंगाळला. हे रेंगाळणं त्या अंदाजानं आधी सांगितलं होतं. लवकर आला म्हणून घाईनं पेरून बसलेल्याला दुबार पेरणीची काळजी लागते. तिथे अशा अंदाजाची किंमत कळते.

आता माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न. मी त्याला कागदावर हिशेब मांडून दाखवला. समजा, आठ दिवस आधी सोयाबीन काढलं, तर मजुरी चढी, दाण्यात ओल, भाव पडून मिळणार. एकरी दोन हजारांचा तोटा धरू. आणि थांबला नि पाऊस आला, तर एकरी दहा हजारांचं नुकसान. दोन हजार म्हणजे दहा हजारांचा पाचवा हिस्सा, अर्थात २० टक्के. म्हणजे जोरदार पावसाचा संभव २० टक्क्यांहून जास्त असेल, तर काढून ताडपत्रीखाली सुडी घातलेली बरी. त्याहून कमी असेल, तर थांबायला हरकत नाही. त्याच्या शेजाऱ्याकडे स्वतःचं हार्वेस्टर असेल, तर त्याचा आकडा वेगळा येईल. अंदाज एकच, निर्णय दोन आणि दोन्ही बरोबर. जहाजाचा कप्तानही असाच हिशेब करतो. फक्त त्याच्या एका पारड्यात दिवसाचं भाडं असतं आणि दुसऱ्यात माणसांचे जीव.

म्हणून यापुढे कुठलाही अंदाज कानावर आला, मग तो बर्फाचा असो की पावसाचा, तर चार गोष्टी विचाराव्यात. तो किती मोठ्या भागासाठी आहे? किती दिवस पुढचा आहे? ‘दर वर्षीसारखंच’ म्हणण्यापेक्षा तो किती सरस ठरला आहे? आणि तो चुकला तर माझं किती जाणार आहे? पहिल्या तिन्हींची उत्तरं देणं हे अंदाज देणाऱ्याचं काम आहे आणि आपण ती हक्कानं मागावीत. चौथ्याचं उत्तर मात्र ज्याचं त्यालाच काढावं लागतं.

शेवटी एक गोष्ट सांगायची राहते. यंत्र कितीही शिकलेलं असलं, तरी त्याला रोजची ताजी नोंद लागते. २०१४ च्या जुलैत आपल्या शास्त्रज्ञांनी आर्क्टिकमधल्या एका फियॉर्डमध्ये ‘इंडआर्क’ नावाची उपकरणांची माळ पाण्याखाली सोडली, ती पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजत राहावी म्हणून. इकडे आपल्या वेधशाळांत रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजून चोवीस तासांचा पाऊस लिहिला जातो, पाऊस शून्य असला तरी शून्य लिहिलं जातं. उद्याची यंत्रं याच नोंदींवर शिकणार आहेत. गावोगावच्या पर्जन्यमापकांची निगा राहते की नाही, त्यावर झाडाची फांदी आली आहे का, नोंद वेळेवर होते का, याकडे आपण गावकऱ्यांनीही लक्ष ठेवायला हवं. नोंदच चुकीची असेल, तर लाख हिकमतीचं यंत्रही चुकीचंच शिकेल, आणि त्याचा तोटा सोयाबीनच्या शेतात उभ्या असलेल्या माणसाला होईल.